सोळावा निरोगी माणूस

माझ्या भावाला सगळे बारक्या म्हणतात. वय एक्कावन्न, वजन पंच्याण्णव किलो, दारातून आधी पोट येतं आणि मग तो. लहानपणी काडी होता म्हणून नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टवाल्याचं नशीब असं, की तो जिथे जातो तिथली लिफ्ट बंदच असते, त्यामुळे हा माणूस जन्मभर जिनेच चढत आला.

त्या गुरुवारी सकाळी बारक्या मशीनच्या टेबलावर दोन्ही हात डोक्यामागे घेऊन पडला होता आणि मी काचेच्या अलीकडे बसून त्याच्या हृदयाकडे बघत होते. ते माझं कामच आहे. एकोणतीस वर्षं मी या दवाखान्यात सीटी स्कॅनचं मशीन चालवते. माणसं आतून बघून बघून मला त्यांच्या बाहेरच्या नखऱ्यांचं फारसं कौतुक राहिलेलं नाही, असं भावजय म्हणते. खरं असेल. पण आपल्याच भावाचं हृदय पडद्यावर धडधडताना बघायची सवय मात्र कुणाला नसते.

महिनाभरापासून त्याला चौथ्या मजल्यानंतर छातीत जड व्हायचं. थांबलं की जायचं. हे त्यानं मला सांगितलं नाही, भावजयीला सांगितलं, आणि तिनं मला. मी कान पकडून त्याला आणलं. पहिल्या स्कॅनमध्ये दिसलं, की हृदयाच्या नळ्यांवर चुन्याचे डाग आहेत, पांढरे फटफटीत. डाग असले म्हणजे नळी बंद असतेच असं नाही, पण डागांमुळे आत किती वाट उरली आहे ते दिसत नाही. मग एकच मार्ग राहतो. नळीत बघायचं सोडून द्यायचं आणि नळीच्या शेवटी असलेल्या स्नायूला रक्त किती पोचतं ते मोजायचं.

ते कसं मोजतात ते आधीच सांगून टाकते. शिरेतून एक औषध सोडतो. त्यानं हृदयाच्या नळ्या ताणून मोठ्या होतात, जणू माणूस दौडत जिना चढतोय. चांगल्या हृदयात अशा वेळी रक्ताचा ओघ दुप्पट तिप्पट होतो. त्यावर रंगद्रव्य सोडायचं, अर्धा मिनिट श्वास धरायला सांगायचा, आणि मशीन भराभर चित्रं काढतं. मग मी स्नायूवर गोल आखते आणि मशीन आकडा देतं. शंभर मिली स्नायूला मिनिटाला इतके मिली रक्त. एखादी नळी बुजलेली असली तर तिच्या वाट्याचा भाग निळा पडतो, बाकीचा लाल राहतो, आणि मग ते शेंबड्या पोरालाही कळतं. पण तिन्ही नळ्या सारख्याच बुजल्या असतील, तर सगळं हृदय एकाच रंगाचं दिसतं. तेव्हा रंगाचा उपयोग नाही. तेव्हा आकडा घ्यायचा आणि भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून बघायचा.

बारक्याचं हृदय एकाच रंगाचं होतं. आकडा आला शहाऐंशी.

मी भिंतीकडे बघितलं नाही, कारण तिथे काय लिहिलंय ते मला पाठ होतं. मला दुसरंच आठवत होतं. औषध सुरू असताना बारक्याचा चेहरा लाल झाला होता, नाडी सत्तरवरून त्र्याण्णववर गेली होती आणि माइकमधून तो म्हणाला होता, "ताई, छातीवर कुणीतरी येऊन बसलंय गं." म्हणजे औषध लागलं होतं. चांगलं लागलं होतं. तरीही शहाऐंशी.

आता तक्त्याबद्दल सांगायला हवं. तिथंच सगळं घोडं पेंड खातं.

दोन वर्षांपूर्वी हे रक्त मोजायचं तंत्र आमच्याकडे आलं, तेव्हा आमच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्यांच्या मशीनचे आकडे आपल्याला उपयोगाचे नाहीत, बाई. आपण आपल्या मशीनवर वीस निरोगी माणसं मोजू. निरोगी माणसांमध्येसुद्धा किती फरक असतो ते कळू दे." त्यांचं बोलणं नेहमी हळू असतं, रागावले तरी. मी त्यांना सर म्हणते. वयानं ते माझ्याहून लहान आहेत, पण हुशारी बघून म्हणावंसं वाटतं. वीस निरोगी माणसं गोळा करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. फुकट, उपाशीपोटी, हातात सुई टोचून घ्यायला कोण येतं? धोबीखान्यातले दोघे, एक दरवान, औषधं देणारी मुलगी, स्वयंपाकघरातला पोळीवाला, असं करत करत माझ्या नाकी नऊ आले. शेवटच्या दिवशी एक माणूस कमी पडला. बारक्या त्या आठवड्यात आमच्याच इमारतीची लिफ्ट दुरुस्त करत होता. त्याला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की लागलं तर यायचं, चोवीस तास चहा, कॉफी, चॉकलेट काही नाही.

चहाचा नियम महत्त्वाचा. चहा-कॉफीत जे असतं ते या औषधाला अडवतं. नळ्या ताणल्या जात नाहीत, ओघ वाढत नाही, आणि धडधाकट माणसाचा आकडासुद्धा आजाऱ्यासारखा येतो. हे मला आज नीट माहीत आहे. तेव्हाही सांगितलेलं होतं, पण सांगितलेलं आणि डोक्यात उतरलेलं यात फरक असतो. मला वाटायचं, डॉक्टर लोकांचं सोवळं. दहा सांगतात, त्यातलं आठ केलं तरी भागतं.

त्या शेवटच्या दिवशी मशीन थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं. सहा माणसं सकाळी सातपासून उपाशी बसली होती. अकरा वाजले, बारा वाजले. दरवान म्हणाला, मी चाललो. पोळीवाल्याचं डोकं दुखायला लागलं. ही माणसं गेली असती तर मला परत सगळा गाव हिंडायला लागला असता. मी आतल्या खोलीत गेले, किटली लावली आणि सहा कप चहा केला, चांगला कडक. "सरांना बोलायचं नाही," मी म्हणाले, "अळीमिळी गुपचिळी." सगळ्यांचे चेहरे फुलले. बारक्याला मी स्वतः कप हातात दिला. "चालेल ना गं?" त्यानं विचारलं. "मी देतेय ना, मग गिळ," मी म्हणाले. तो कप घेऊन खिडकीपाशी गेला, तिथल्या रबराच्या झाडाशेजारी उभा राहिला, आणि थोड्या वेळानं रिकामा कप आणून देऊन म्हणाला, "झकास झाला होता."

दोनला मशीन सुरू झालं. कागदावर प्रश्न होता, गेल्या चोवीस तासांत चहा, कॉफी घेतली का? मी सहा वेळा 'नाही' लिहिलं.

त्या सहाही जणांचे आकडे खालचे आले. सगळ्यात खाली बारक्या, सोळावा क्रमांक, चौऱ्याऐंशी. सरांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं होतं. "हा फार कमी वाटतो. याने चहा वगैरे नव्हता ना घेतला?"

"नाही सर," मी म्हणाले.

मनात म्हटलं, चहाच आहे, दुसरं काय असणार? घोड्यासारखा माणूस. सर म्हणाले, "असेल. माणसामाणसात फरक असतोच." मग तक्ता झाला, चौकटीत बसला, भिंतीवर चढला. निरोगी माणसाचा कमीत कमी आकडा, चौऱ्याऐंशी. त्याच्या वर असेल तो घरी जाईल.

आणि आता तोच सोळावा माणूस छातीवर कुणीतरी बसल्याची तक्रार घेऊन आला होता, आणि त्याची परीक्षा घेणारा तक्ता त्याच्याच आकड्यावर उभा होता.

दुपारी सरांनी जुनी फाइल काढली. मी त्यांच्या मागे उभी होते.

"अहो, हे तर आपले जुने पाहुणे," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी चौऱ्याऐंशी, आज शहाऐंशी. काहीच बदललेलं नाही. रंगही एकसारखा आहे. बाई, घाबरू नका. काहींचा ओघ मुळातच कमी असतो. हा तुमच्या भावाचा पिंड आहे."

"पण सर, छातीत जड होतं त्याला."

"वजन बघा ना त्यांचं. वजन उतरवायला सांगा."

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांना दिलेल्या माहितीवर दुसरा कुणीही हेच म्हणाला असता. दोन वर्षांत आकडा हलला नाही याच्यासारखी चांगली खूण नाही. फक्त मला माहीत होतं, की पहिला आकडा चहाचा होता आणि दुसऱ्याला चहा नव्हता. आदल्या रात्री बारक्याला मी माझ्याच घरी झोपवला होता, चहाची पत्ती कपाटात कुलूप लावून. म्हणजे पहिला आकडा खोटा आणि दुसरा खरा. आणि खरा इतका कमी म्हणजे या दोन वर्षांत त्याच्या नळ्या बुजल्या. रिपोर्टवर सही झाली. सर्वसाधारण फरकाच्या मर्यादेत.

बारक्यानं तो कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाला, "बघ, तुझ्या मशीननंच सांगितलं. आता सोमवारपासून सुटलो." सोमवारपासून त्याला चौदा मजल्यांच्या एका इमारतीची दोरखंडं बदलायची होती. यंत्राची खोली गच्चीवर. लिफ्ट अर्थातच बंद.

शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. बारक्या मला न्यायला खाली आला आणि आम्ही सोबत जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर तो वाकला. "नाडी सुटली बुटाची," म्हणाला. मी खाली बघितलं. त्याच्या पायात चपला होत्या. तो तसाच वाकून कठड्याला धरून राहिला, आणि मी भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे बघत असल्याचं सोंग केलं. मीटरचं चाक फिरत होतं. चांगला मिनिटभर आम्ही दोघं बहीणभाऊ तिथे एकमेकांपासून लपत उभे होतो.

वर गेल्यावर मी म्हणाले, "दुसरीकडे दाखवू या का? एकदा."

"का गं? तुझ्या मशीनवर तुझाच विश्वास नाही?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

भावजय ताटं मांडत होती, ती थांबली. एरवी ती मला ताई म्हणते, फक्त चिडली की वन्सं. "वन्सं," ती म्हणाली, "महिनाभर जिवाला घोर होता. काल कुठे मी नीट झोपले. रिपोर्ट चांगला आलाय, तर तुम्ही कशाला मोडता घालता? काही असेल तर सरळ सांगा, नाहीतर जेवा."

मी जेवले. चव कशालाच नव्हती, म्हणजे तिचा स्वयंपाक वाईट होता असं नाही.

घरी येऊन मी हिशेबी बाई हिशेब करत बसावी तशी बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला तीन वर्षं. खोटं लिहिलेले सहा कागद माझ्या सहीचे. आणि तो तक्ता दोन वर्षं भिंतीवर होता, त्याच्याकडे बघून घरी पाठवलेली माणसं किती? ती माणसंसुद्धा कुठल्यातरी जिन्यात बुटाच्या नाड्या बांधत असतील. हे मला शुक्रवारी पहिल्यांदा सुचलं, असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांत अधूनमधून सुचलं होतं. दर वेळी मी म्हटलं, एवढं काय, चहाच तर होता. भावाच्या जिवावर बेतलं तेव्हा मला चहा कडू लागायला लागला, ही माझी लायकी.

शनिवारी सकाळी आठ वाजता सर आले तेव्हा मी त्यांच्या खोलीबाहेर उभी होते. आत जाऊन मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, मशीनच्या खोलीत गेले, खुर्चीवर चढून तो तक्ता भिंतीवरून उतरवला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. मग संगणकावर बसून त्यांनी सहा ओळी एकेक करून खोडल्या. मी मागे उभी राहून क्रमांक सांगत होते. शेवटी सोळा.

निरोगी माणसाचा कमीत कमी आकडा झाला एकशे एकवीस.

"तुमच्या भावाला आत्ताच्या आत्ता बोलवा," सर म्हणाले. "चालत येऊ देऊ नका." मग पडद्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "मी तुम्हाला विचारलं होतं ना, बाई? या सोळाबद्दल विचारलं होतं."

"विचारलं होतं, सर."

बारक्याचा फोन लागेना. भावजयीचा लागला. "ते त्या चौदा मजल्यांच्या इमारतीकडे गेलेत, सोमवारच्या आधी एकदा बघून येतो म्हणाले. काय झालं?" मी काय झालं ते सांगितलं नाही, पत्ता विचारला.

टॅक्सीत बसून मी वेड्यासारखी फोन लावत राहिले. इमारत नवी होती, काचेची, दारातल्या माणसानं वहीत सही करायला लावली. "लिफ्टवाले? हो, वर गेलेत, झाला अर्धा तास." लिफ्टच्या दारावर पिवळी पट्टी. मी जिना धरला. सत्तावन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारे, आणि दर मजल्यावर मी त्याच्या नावानं हाक मारत होते. चौथा. सहावा. आवाज नुसता वर जायचा आणि परत खाली यायचा. सातव्या मजल्यावर त्याची हत्यारांची पिशवी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. बारक्या आपली पिशवी कुठे सोडत नाही. तिथे मी हाक मारायची थांबले, कारण उत्तर आलं नाही तर काय, हे मला ऐकायचं नव्हतं.

नवव्या मजल्यावर तो पायरीवर बसला होता. डोकं भिंतीला टेकलेलं, शर्ट घामानं चिकटलेला, ओठ राखेच्या रंगाचे. मला बघून हसायचा प्रयत्न केला.

"ताई? तू कशी काय?" मग म्हणाला, "हे कुणीतरी बसलंय ना, ते आज उठतच नाही गं."

गाडी आली, माणसं आली, खुर्चीत बसवून त्याला नऊ मजले उतरवलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला जिना उतरवून नेत होतं, आणि तेवढ्यातही तो त्या माणसांना सांगत होता, की वळणावर मागचा पाय आधी टाका.

तो वाचला. म्हणजे त्या दिवशी वाचला. हातातून तार घालून नळ्या बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दुपारी आम्हाला चित्र दाखवलं. तिन्ही नळ्या. एक पूर्ण बंद, दोन धाग्याएवढ्या. हृदयाचा खालचा भाग आता आकुंचन पावत नव्हता. "हे दोन वर्षांतलं नाही," त्या म्हणाल्या. "जुनं दुखणं आहे. अगोदर कधी मोजलं असतं तर कळलं असतं. तेव्हा कदाचित नळीत जाळी बसवून भागलं असतं. आता छाती उघडावी लागेल, आणि स्नायू दुबळा झालाय, म्हणून धोका जास्त. मी खोटं सांगत नाही." भावजयीनं माझा हात धरला होता. तो तिनं सोडला नाही, कारण तिला अजून काही माहीत नव्हतं.

अगोदर मोजलं असतं तर. मी मनात म्हणत होते, मोजलं होतं, पण चहा होता, चहामुळे कळलं नाही. तेवढाच एक काडीचा आधार होता मला. त्या दिवशीचा आकडा चहानं नासवला होता. म्हणजे त्यातून खरं काय ते कुणालाच दिसलं नसतं.

सोमवारी सरांनी मला बोलावलं. मशीनवरून मला उतरवलं होतं, चौकशी लागायची होती, ते रास्तच होतं. एकतीस माणसांची यादी झाली होती, चौऱ्याऐंशी आणि एकशे एकवीसच्या मधली, त्यांना परत बोलवायचं होतं, आणि ते फोन मी करायचे असं मीच मागून घेतलं होतं. पण सरांनी त्यासाठी बोलावलं नव्हतं. टेबलावर ते सहा जुने कागद होते, माझ्या अक्षरातले.

"बसा," ते म्हणाले. "मला एक समजत नाहीये. औषध लागलं की नाडी वाढते. चहा घेतलेल्याची विशेष वाढत नाही. हे बघा. दरवान, बहात्तरवरून चौऱ्याहत्तर. पोळीवाला, अडुसष्टवरून सत्तर. पाचही जणांचं असंच." त्यांनी सहावा कागद माझ्यापुढे सरकवला. "सोळा. एकाहत्तरवरून पंच्याण्णव. आणि खाली तुम्हीच लिहिलंय, चेहरा लाल, छातीत दडपण."

मी ते अक्षर वाचलं. माझंच होतं. गोल, नीटनेटकं.

"याने चहा घेतला नव्हता, बाई."

"नाही हो सर, मी स्वतः हातात कप दिला."

"विचारून बघा," ते म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

बारक्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होता. ऑपरेशन मंगळवारी सकाळी सातला. संध्याकाळचे पाच वाजले होते, भावजय खाली औषधं आणायला गेली होती. त्याची छाती सकाळीच भादरून ठेवली होती, आणि तो खरोखरच बारका दिसत होता. मी खुर्ची ओढली.

"बारक्या, एक विचारू? दोन वर्षांपूर्वी मी तुम्हा सगळ्यांना चहा दिला होता बघ. मशीन बंद पडलं होतं."

"हो."

"तू प्यायलास ना?"

तो छताकडे बघायला लागला. लहानपणी बरणीतला खाऊ कुणी संपवला असं विचारलं, की असाच बघायचा. फरक एवढाच, की तेव्हा त्यानं खाल्लेला असायचा.

"तुला राग येईल."

"नाही येणार. सांग."

"अगं, आदल्या दिवशी तूच बजावलं होतंस ना, चोवीस तास चहा नाही म्हणून. आता तू बिचारी एवढ्या प्रेमानं करून दिलास, नाही कसं म्हणायचं? म्हणून घेतला. आणि त्या खिडकीतल्या झाडाच्या कुंडीत ओतला." तो हळूच हसला. "झाड वारलं असेल तुझं."

चौऱ्याऐंशी हा आकडा खरा होता. दोन वर्षांपूर्वी तो त्या टेबलावर पडून ओरडून सांगत होता आणि ते मी माझ्या हातानं लिहूनसुद्धा घेतलं होतं. सरांनी त्याच आकड्यावर बोट ठेवून विचारलं होतं, चहा घेतला होता का? हो म्हटलं असतं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला परत मोजला असता. परत चौऱ्याऐंशीच आला असता. जाळी बसवून भागलं असतं.

"रडतेस काय?" बारक्या म्हणाला. "एका चहासाठी?"

तेवढ्यात नर्स आली, उशाशी पाण्याचा पेला होता तो तिनं उचलला आणि मला म्हणाली, "रात्री दहानंतर यांना काही द्यायचं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. नीट समजावून सांगा."

ती गेल्यावर बारक्यानं माझा हात थोपटला. त्याची बोटं गार होती.

"तू नको काळजी करू, ताई," तो म्हणाला. "तू एकदा नाही म्हणालीस की मी नाही पीत. तुला माहितीये ना?"